चौकट

मशीनचा हात माझ्यावरून सरकत गेला
हळू, अंगातल्या कपड्यांवरूनच
कुणी थंड इस्त्री फिरवावी तसा.
दहा मिनिटं. दुखलं काहीच नाही.
मार्यान म्हणाली, हलू नका, झालंच.
बाहेर भरदुपारी काळोख होता,
हामरफेस्टला नोव्हेंबरअखेर असतो तसा.

मग कागद.
हिरवा, पिवळा, लाल पट्टा
आणि लालात एक टिंब: मी.
खुब्याचा आकडा उणे दोन पूर्णांक आठ.
"उणे कुणापेक्षा?" मी विचारलं.
"तरुण बाईपेक्षा. धरा, तिशीतल्या,"
डॉक्टर उत्सी म्हणाल्या.

तिशीतली बाई!
तिला मी ओळखते की.
रबरी बुटांत आठ-आठ तास उभी,
कॉडचे काटे काढणारी.
राहिलेला काटा बोटांना दिसायचा तिच्या.
हाडाची काडं केली मी या घरासाठी,
असं म्हणायचे तेव्हा
ती बोलायची रीत होती नुसती.

कण्याचा आकडा मात्र बरा आला.
मी जरा सुखावले.
"त्याच्यावर जाऊ नका," डॉक्टर म्हणाल्या,
"संधिवातानं मणक्यांना कोंब फुटलेत,
म्हणून दाट दिसतो."
म्हणजे कणाही थापा मारतो म्हणायचा,
आमच्या ओद्दवारसारखा,
बुडत्या बोटीतही 'सगळं ठीक' म्हणणारा.

मग प्रश्न, एकेका चौकटीचे.
सिगरेट? सोडली.
दारू? नाताळात.
आधी काही मोडलंय?
मनगट, पोस्टाच्या पायरीवर, परवाच्या मार्चात.
आईवडिलांपैकी कुणाचा खुबा?

नाही, म्हणायला तोंड उघडलं.
आजवर नाहीच म्हणत आले.
आई न्यूमोनियानं गेली,
दाखल्यावर तसंच आहे.
पण त्याआधी सात आठवडे
ती का पडून होती,
हे दाखल्यावर नाही.
होडीघराच्या उतारावर, बादलीसकट, बर्फावर.
मी वरून ओरडले होते,
सावकाश ये गं.
की, लवकर ये गं?
इतक्या वर्षांत तेवढं एक
नीट आठवत नाही.

"हो," मी म्हणाले. "आईचा."
बोटानं एक कळ दाबली,
चौकटीत खूण उमटली
आणि शंभरात तेवीसचे
शंभरात चौतीस झाले.
दहा वर्षांत. मनगट, खांदा, मणका, खुबा,
कुठलं ते सांगत नाही.

शंभर बायका माझ्यासारख्या.
आमच्या बेटावर तेवढ्या नाहीतच,
तरी मी त्यांना शाळेच्या हॉलमध्ये बसवलं,
कॉफी दिली.
चौतीस जणी कधीतरी पडणार नि मोडणार,
सहासष्ट जणी तशाच घरी जाणार,
आणि खुर्च्यांवर नंबर नाहीत.
"हे भविष्य नाही," डॉक्टर म्हणाल्या,
"हवामानाचा अंदाज समजा."
अंदाज ऐकूनच तर बोटी निघतात आमच्या.
अंदाज ऐकूनच थांबतातही.

घरी आले. बुटांना खिळ्यांचे पट्टे होते,
चढावर करकर वाजत होते.
शेजारची टूरबॉर्ग खिडकीतून हसली,
म्हातारी झालीस.
म्हटलं, हो. मोजून आले.

स्वयंपाकघराच्या दाराला
आईनं पेन्सिलीनं माझी उंची मांडलेली,
शेवटची रेघ सतराव्या वर्षीची.
टाचा टेकवून उभी राहिले.
डोक्यावर पुस्तक ठेवलं.
चार बोटं खाली.
त्या चौकटीवरही खूण केली,
आजची तारीख घालून.

गोळी रविवारची, आठवड्यातून एक.
अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर.
नंतर अर्धा तास
आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही.
मग मी उभी असते खिडकीशी.
खाली होडीघर, उतार,
त्यावर मी काल टाकलेली वाळू.
घड्याळात अजून अकरा मिनिटं आहेत.